पासष्टच्या वर्तुळात बारा त्रिकोण

तिन्ही शिरोबिंदू वर्तुळाच्या परिघावर आणि तिन्ही बाजू पूर्णांक, असे त्रिकोण किती? व्यास ५ असेल तर एकच: ३-४-५. व्यास ७, १२ किंवा ४९ घेतला तर एकही नाही. २५ ला पाच मिळतात: ७-२४-२५, १५-२०-२५, ७-१५-२०, १५-१५-२४ आणि २०-२०-२४. आणि ६५ ला एकदम बारा!

म्हणजे वर्तुळ मोठं झालं म्हणून त्रिकोण वाढत नाहीत. व्यास पूर्णांक असेल, तर त्रिकोणाची प्रत्येक बाजू एक तर स्वतः व्यास असते, नाही तर तो व्यास कर्ण असलेल्या पूर्णांकी काटकोन त्रिकोणाची बाजू असते. असा कर्ण होण्यासाठी संख्येला ५, १३, १७, २९ यांसारखा, चारने भागल्यावर १ उरणारा मूळ अवयव लागतो. असे दोन वेगळे अवयव असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे ५ × १३, अर्थात ६५.

हे वर्तुळ आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक चौकोन येतो: भूमी ६०, मुख २५, भुज ३९ आणि ५२, कर्ण ५६ आणि ६३. ३-४-५ च्या लहान बाजूंना १३ ने आणि ५-१२-१३ च्या लहान बाजूंना ५ ने गुणा, चौकोनाच्या चारही बाजू हाती येतात. त्याच्या परिवर्तुळाचा व्यास बरोबर ६५! दोन कर्णांनी पडणारे २५-३९-५६, ५२-५६-६०, २५-५२-६३ आणि ३९-६०-६३ हे आपल्या बारांपैकीच चार. त्यातला ५२-५६-६० म्हणजे ‘लीलावती’तलाच १३-१४-१५, चौपट केलेला. इतका देखणा योग मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

व्यासाला कर्ण मानणारे काटकोनी चार: १६-६३-६५, २५-६०-६५, ३३-५६-६५, ३९-५२-६५. उरलेले चार: १६-२५-३९, १६-५२-६०, २५-३३-५२, ३३-३९-६०. कंपासमध्ये ३२.५ मिलिमीटर त्रिज्या घेतली की बाराही वहीच्या एका पानावर मावतात.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये, स्टेशनसमोरच्या चांदीबाई कॉलेजात गणित घेतलेल्या मुलांनी हे पान जरूर काढावं. मग सुट्टीत कल्याणहून भुसावळकडे जाणारी गाडी धरावी, चाळीसगावला उतरून पाटण गाठावं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला होता. त्याची नोंद असलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. परतीच्या प्रवासात व्यास ८५ घ्या, म्हणजे ५ × १७. तिथेही बाराच त्रिकोण आहेत, पहिला १३-८४-८५.