एका संघाची वीस स्टिकरं

फुटबॉलपटूंची स्टिकरं जमवायच्या छंदाला आजचं रूप मिळालं ते उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात. तिथे पानिनी कुटुंबाचा वर्तमानपत्रांच्या विक्रीचा व्यवसाय होता. १९६० मध्ये जुझेप्पे आणि बेनितो या भावांनी मिलानच्या एका प्रकाशकाकडे पडून राहिलेली चित्रं उचलली, दोन-दोनची पाकिटं केली आणि विकायला ठेवली. ती हातोहात खपली. पुढच्याच वर्षी त्यांनी इटालियन लीगच्या खेळाडूंचा स्वतःचा अल्बम काढला. त्यातलं पहिलं छापलेलं चित्र इंटर मिलानचा कर्णधार ब्रुनो बोल्कीचं. तेव्हा चित्रं डिंकाने चिकटवावी लागत, मागे गोंद असलेली स्टिकरं नंतर आली. तिसरा भाऊ उंबेर्तो याने चित्रं मिसळून पाकिटं भरणारं यंत्र बनवलं. विश्वचषकाचा पहिला पानिनी अल्बम निघाला १९७० च्या मेक्सिकोतल्या स्पर्धेसाठी.

या छंदाचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: पाकीट बंद असतं. आत कोण निघेल ते विकत घेणाऱ्याला कळत नाही. २०२२ च्या विश्वचषक अल्बममध्ये ६७० स्टिकरं होती आणि पाकिटात पाच. सगळी स्टिकरं सारख्याच संख्येने छापली जातात असं धरलं, तर कोणाशीही अदलाबदल न करता अल्बम पुरा व्हायला सरासरी ४,७०० हून अधिक स्टिकरं, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास पाकिटं लागतात.

ज्याला केवळ आपल्या लाडक्या संघाचं पान भरायचं आहे, त्याचं काम बरंच स्वस्तात होईल असं वाटतं. हिशेब वेगळंच सांगतो. त्या अल्बममध्ये प्रत्येक संघाची वीस स्टिकरं होती: खेळाडू, संघाचं एकत्रित छायाचित्र आणि चकाकणारं बोधचिन्ह. ती वीस नुसत्या खरेदीने मिळवायची तर सरासरी ४८० पाकिटं फोडावी लागतात. अल्बमचा जेमतेम तेहतिसावा हिस्सा हवा असला, तरी खर्च मात्र निम्मा! कारण शेवटच्या काही स्टिकरांत आहे. पहिली दहा सुमारे ९० पाकिटांत हाती येतात, उरलेल्या दहांसाठी ३९० लागतात आणि एकटं विसावं सरासरी १३४ पाकिटं खातं.

म्हणून अदलाबदल हा या छंदाचा कणाच आहे. इटलीतली मुलं त्यासाठी गठ्ठा घेऊन समोरासमोर बसतात. एक जण स्टिकरं भराभर उलटतो, दुसरा ‘चे लो, चे लो’ म्हणजे ‘आहे, आहे’ म्हणत जातो आणि हवं ते दिसलं की ‘मांका’, म्हणजे ‘नाही’, असं ओरडतो. साधारण नियम एकास एक. चकाकणारं स्टिकर मात्र कित्येक जण दोन घेतल्याशिवाय सोडत नाहीत. या बाजारात एका संघाच्या चाहत्याची बाजू भक्कम असते. पूर्ण अल्बमवाल्याला फक्त डबल आलेली स्टिकरं देता येतात, पण याला आपला संघ सोडून बाकी सगळंच देता येतं.

काही खेळाडू मुद्दाम कमी छापतात, ही शंका जुनी आहे. १९६३-६४ च्या अल्बममधला अतलांताचा गोलरक्षक पिएर लुईजी पिझ्झाबाल्ला कोणाला सापडेना, आणि आजही इटलीत दुर्मीळ वस्तूसाठी त्याचं नाव घेतात. मात्र जिनिव्हा विद्यापीठातल्या सार्दी आणि व्हेलेनिक या दोघा गणितज्ञांनी पाकिटं फोडून पडताळणी केली, तेव्हा सगळी स्टिकरं सारख्याच प्रमाणात छापली जात नसल्याचा काही पुरावा दिसला नाही. हवं ते स्टिकर शेवटपर्यंत न येणं हा बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो.

तुटवडा पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनात पाकिटंच मिळेनाशी झाली. मेस्सीचा हा शेवटचा विश्वचषक ठरेल अशी तिथे समजूत होती आणि मागणी अफाट वाढली. अखेर सरकारच्या व्यापार खात्याने कंपनी आणि छोट्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलावलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. स्टिकरांच्या क्रमांकांची यादी ठेवावी. डबल स्टिकरं सुरकुती न पाडता जपावीत, कारण तेच त्याचं भांडवल. आणि संघाचं अर्धं पान भरलं की पाकिटं घेणं थांबवून अदलाबदलीला लागावं. शेवटची दोन-तीन उरली, तर कंपनीकडून ठरावीक संख्येत सुटी स्टिकरंही मागवता येतात.