काळ्या दगडातली खनिजे, बोअरचे पाणी आणि मुतखडा

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगडाला भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गड ज्या डोंगरावर उभा आहे तो काळ्या दगडाचा, आणि आजूबाजूच्या गावांच्या विहिरी-बोअरही त्याच दगडात खोदलेल्या. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बोअरचे जड पाणी प्यावे लागते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. पोटात कळ उठून सोनोग्राफीत खडा दिसला की घरोघरी एकच निदान होते : ‘बोअरच्या पाण्याने मुतखडा झाला.’ हे कितपत खरे? उत्तरासाठी आधी त्या काळ्या दगडात काय आहे ते पाहावे लागते.

दगड वेगळा, खनिज वेगळे

नारायणगडाचा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भागावर हा दगड पसरलेला आहे. अख्खा बीड जिल्हा त्यातच येतो.

दगड हे मिश्रण असते, खनिज हा त्यातला एकेक घटक. पदार्थ निसर्गात तयार झालेला, घन, ठरावीक रासायनिक घटकांचा आणि आतून अणूंची शिस्तबद्ध मांडणी असलेला असेल तर त्याला खनिज म्हणतात. जगात आजवर सुमारे ६,००० खनिजांची नोंद झाली आहे. बेसाल्टमध्ये मात्र मुख्यतः दोनच भरतात : कॅल्शियम आणि सोडियम असलेले प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, आणि मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम असलेले पायरॉक्सीन. जोडीला थोडे लोहाचे मॅग्नेटाइट. दगडाला काळेपण देणारी आणि तो हातात जड लागायला लावणारी खनिजे लोहाचीच.

या मुख्य खनिजांचा पाया एकच आहे. मध्ये सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्याभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू. हे चौफलक एकमेकांना कसे जोडले जातात त्यावर खनिजाचा स्वभाव ठरतो. पायरॉक्सीनमध्ये त्यांच्या साखळ्या असतात, अभ्रकात पत्रे, तर फेल्डस्पार आणि गारगोटीत चहूबाजूंनी घट्ट जाळे. म्हणून अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात आणि गारगोटी फोडली तरी सरळ पापुद्रा निघत नाही.

मांडणीला एवढे महत्त्व का, ते हिरा आणि ग्रॅफाइट पाहिले की कळते. दोन्ही शुद्ध कार्बन. एकाने काच कापता येते, दुसरे पेन्सिलीत घालून कागदावर घासले जाते. फरक फक्त अणू कसे रचले आहेत याचा.

नखाने ओळखा, चाकूने ओळखा

खनिजाचा कठीणपणा मोजण्याची सोपी पट्टी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये दिली. सर्वांत मऊ शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, अॅपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, गारगोटी ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण. आपले नख साधारण अडीचला येते, चाकूचे पाते साडेपाचच्या आसपास.

रंगावरून ओळख बहुतेक वेळा फसते, कारण थोड्याशा भेसळीनेही रंग बदलतो. त्यापेक्षा खडबडीत फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ भरवशाची. हेमाटाइट हे लोहखनिज दिसायला करडे-काळे असले तरी त्याची रेघ तांबडी येते. गेरूला रंग त्याचाच.

मराठवाड्यात विहीर खणताना काळ्या पाषाणाबरोबर छिद्रांचा ‘मांजऱ्या’ खडकही लागतो. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ही छिद्रे पडली. पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजे तिथे साचवली. पांढरा चकचकीत खडा सापडला तर त्यावर चाकू ओढावा. ओरखडा उठला नाही तर ती गारगोटी. ओरखडा उठला आणि लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडेही आले तर ते कॅल्साइट. महाराष्ट्राच्या झिओलाइटना जगभरच्या संग्रहालयांत मान आहे. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय याच खनिजांसाठी उभे राहिले.

दगडातून पेल्यात

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. ते भेगांतून मुरताना फेल्डस्पारमधले कॅल्शियम आणि पायरॉक्सीनमधले मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेते. मागे चिकणमातीची खनिजे उरतात. त्यांच्या पत्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगतात आणि सुकली की आकसतात. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे.

विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात राहते. पाणी जितके खोल आणि दगडात जितका काळ मुरलेले, तितके सहसा जड. पाठ्यपुस्तकात यालाच ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. ते उकळले की त्यातला काही भाग कॅल्शियम कार्बोनेट म्हणून खाली बसतो. पातेल्याचा पांढरा थर तो हाच, आणि लिंबू किंवा व्हिनेगरने तो निघतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ही मोजणी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात असते. ६०० चा सगळा जडपणा कॅल्शियमचा धरला तरी लिटरभर पाण्यात २४० मिलिग्रॅम कॅल्शियम येते, म्हणजे साधारण एका पेलाभर दुधाएवढे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या निकषावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही.

मग खडा होतो कशाने?

मुतखडाही स्फटिकांचाच बनतो. बहुतांश खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. हेच संयुग व्हेवेलाइट या नावाने खडकांतही सापडते. अळूची भाजी नीट शिजली नाही तर घसा खवखवतो, तोही अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे.

लघवीत ही द्रव्ये विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे गेली की स्फटिक धरू लागतो. साखरेचा पाक आटवला की खडीसाखर धरते, तसेच. म्हणजे खरा प्रश्न पाण्यात कॅल्शियम किती याहून शरीरातून लघवी किती कमी होते हा आहे. उन्हात घाम गाळणारा आणि पाणी कमी पिणारा माणूस आपल्या मूत्रपिंडात पाक आटवत असतो.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. पहाटेपासून फडात कोयता चालतो, पाणी लांब असते. स्त्रियांना तर आडोसा नसल्याने लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी टाळावे लागते. दोष एकट्या बोअरला देऊन भागणार नाही. फडावर प्यायला पाणी आणि शौचालयाची सोय हाही मुतखड्यावरचा उपाय आहे.

खडा झाला म्हणून दूध-दही बंद करण्याचा सल्ला घरचे देतात. तो बहुतेकांच्या बाबतीत उलटा पडतो. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. कॅल्शियम तोडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत जाते. खडा पुन्हा होऊ नये यासाठी डॉक्टर दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यायला आणि मीठ कमी करायला सांगतात. पालक, अळू बेतानेच खावे. ज्यांचे मूत्रपिंड किंवा हृदय आधीच कमकुवत आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चव न लागणारा धोका

जड पाणी जिभेला कळते. फ्लोराइड कळत नाही, आणि खरी काळजी त्याची करायला हवी. दातांचे एनॅमल हे अॅपेटाइट या खनिजाचेच बनलेले असते. थोडे फ्लोराइड त्यात बसून दात मजबूत करते. जास्त झाले तर वाढत्या वयात दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे, सांधे ताठरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगले आहे. मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, फार तर दीड.

इथे खनिजांचे गणित पुन्हा आडवे येते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फ्लोराइट खनिजाच्या रूपात खाली बसवते. कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड पाण्यातच राहते. म्हणजे छान फेस येणारे खोल बोअरचे पाणी निर्धोक असेलच असे नाही. उकळूनही फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. ते काढण्यासाठी तुरटी आणि चुना वापरण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केली.

जडपणा काढणाऱ्या घरगुती यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. हे अदलाबदलीचे काम पूर्वी झिओलाइटकडूनच करून घेत. असे पाणी कपडे धुवायला उत्तम, पण रक्तदाब असणाऱ्यांनी पिण्यासाठी विचारूनच वापरावे.

नवे बोअर घेतले की मोटार बसवण्याआधी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जडपणाबरोबर फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे आवर्जून मागावेत. नायट्रेट दगडातून नव्हे, तर मुख्यतः खत आणि सांडपाण्यातून येते आणि तान्ह्या बाळांना ते घातक ठरते. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पावसाळ्यानंतर एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा तपासणी केली तर गावाला आपल्या पायाखालचा दगड वर्षभर काय पाजतो आहे ते कळेल.