ताटातली नव्हे, टाकीतली कोळंबी!

हिरव्यागार जावा मॉसवर बसलेली, लालचुटूक, जेमतेम इंचभर कोळंबी. इवल्याशा पायांनी अखंड काहीतरी वेचून तोंडात टाकणारी. हे रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. 'आपल्याकडे फिश टँक आहेच, त्यातच दहा-बारा सोडू' असा विचारही डोक्यात आला असेल. जरा थांबा! कारण त्या रीलचा पुढचा भाग अनेकदा असा असतो: रात्री सोडल्या दहा, सकाळी दिसल्या तीन आणि मासे मात्र जाम खूश.

घरी 'कोळंबी आणतोय' म्हटलं की 'सोलून आण रे' असं उत्तर येणारच. गंमत अशी की तुमचे मासेही नेमका तसाच विचार करतात. त्यामुळे दोघांना एकत्र ठेवायचं तर थोडा अभ्यास हवा. (हो, इथेही अभ्यास!)

कोणती आणाल?

सुरुवातीला चेरी श्रिम्पच बरी. ती मूळची पूर्व आशियातली. तिकडच्या ओढ्यांमध्ये तिचा रंग तपकिरी-मातकट असतो. लाल, पिवळा, निळा हे रंग निवड पद्धतीच्या पैदाशीतून आलेत. ती वर्ष-दीड वर्ष जगते. मादी पोटाखाली 20 ते 30 अंडी घेऊन फिरते आणि तीन-चार आठवड्यांनी त्यातून थेट आईबापांची मिनी कॉपी बाहेर येते.

दुसरी अमानो श्रिम्प. जपानी छायाचित्रकार आणि अ‍ॅक्वास्केपर ताकाशी अमानो यांनी टाकीतलं शेवाळ आवरायला ती वापरली, म्हणून हे नाव. ही आकाराने मोठी, त्यामुळे माशांसोबत जास्त सुरक्षित. पण तिच्या पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं. म्हणजे घरच्या टाकीत तिचं गोकुळ काही होणार नाही.

शेजारी कोण चालेल?

एकच नियम पाठ करा: माशाच्या तोंडात जे मावतं, ते त्याचं खाणं. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश यांच्या टाकीत कोळंबी सोडणं म्हणजे महागडा फिश फूड विकत घेणं. केरळच्या नद्यांतला चिमुकला पी पफर दिसायला गोड, पण तोही शिकारीच. फायटरचं काही सांगता येत नाही. एखादा ढुंकूनही बघत नाही, एखादा सगळ्या फस्त करतो.

मग चालतं कोण? शेवाळ खाणारा ओटोसिंक्लस सगळ्यात निरुपद्रवी. एम्बर टेट्रा, चिली रास्बोरा असे बारीक तोंडाचे मासेही चालतील. गप्पी मोठ्या कोळंबीच्या वाट्याला सहसा जात नाहीत, पण पिल्लं टिपतात. म्हणूनच टाकीत झाडी दाट हवी. जावा मॉसचा मोठा गुच्छ, लाकडाचे तुकडे, फटी असलेले दगड, जे मिळेल ते. आणि क्रम उलटा करा. आधी कोळंबी येऊ द्या, तिचा जम बसला की मग मासे.

टाकी आधी 'पिकू' द्या

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. सुरुवातीला हे पुरे. पण आज टाकी, उद्या कोळंबी असं चालत नाही. विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांपेक्षा कोळंबी याबाबतीत जास्त नाजूक, म्हणून घाई नको. फिल्टर स्पंजचा घ्या. त्यात पिल्लं ओढली जात नाहीत, उलट त्यावर साचलेलं चरतात.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध वापरा. नुसतं आरओचं पाणी नको, कारण कवचासाठी लागणारे क्षार त्यात उरलेले नसतात. नवी कोळंबी आणली की पिशवी थेट उपडी करू नका. बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबथेंब तिच्या भांड्यात पडू द्या, तास-दोन तास.

घरातले छुपे व्हिलन

तांबं हा कोळंबीचा शत्रू नंबर एक. माशांच्या काही औषधांत आणि गोगलगायी मारायच्या औषधांत ते असतं, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आजीसाठी उत्तम असेल, टाकीसाठी नाही.

दुसरा व्हिलन म्हणजे झुरळं-डास मारायचे स्प्रे. कोळंबी नात्याने कीटकांच्या जवळची. कीटकांना जे मारतं, ते तिलाही मारतं. दिवाळीआधी घरात पेस्ट कंट्रोल असेल तर टाकी दुसऱ्या जागी हलवा.

तिसरा आपला उन्हाळा. चेरीला 22 ते 26 अंश बरे वाटतात. नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात टाकीवर पाण्याच्या पृष्ठभागाला वारा लागेल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. जेवढं उडालं तेवढं रोज भरा.

खाणंही मोजकंच द्या. दोन तासांत संपेल एवढंच. पालकाचं पान धुऊन, उकळून टाकलं तरी पार्टी होते. अंगणातल्या देशी बदामाची गळून वाळलेली, फवारणी न झालेली पानं तर त्यांची आवडती जागा. जुनी, स्थिरावलेली टाकी असेल तर परीक्षेच्या आठवड्यात खाणं चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

मेली? नाही, कपडे बदललेत!

एके सकाळी तळाशी पारदर्शक, रिकामी कोळंबी दिसली तर रडू नका. ती कात आहे. कोळंबी वाढताना जुनं कवच टाकते. नवं कडक होईपर्यंत ती लपून बसते, कारण तेव्हा कुठलाही मासा तिला सहज लुबाडू शकतो. कात उचलू नका. त्यातले क्षार ती पुन्हा खाते. मात्र एकदम अर्धं पाणी बदललं तर कात टाकताना ती अडकून मरू शकते. आठवड्याला 10-15 टक्के पुरे.

आणि कंटाळा आला तर?

हा प्रश्न आणायच्या आधीच स्वतःला विचारा. हॉस्टेल बदलेल, नोकरी लागेल, टाकी नकोशी होईल. तेव्हा 'नदीत सोडली, बिचारी जगेल' असं म्हणून मोकळे होऊ नका. अशाच सोडलेल्या सकरमाउथ कॅटफिशने आपल्या नद्या-तलावांत किती ठाण मांडलंय, ते मासेमारांना विचारा. चेरी श्रिम्पही जर्मनीत, पोलंडमध्ये कोमट पाण्याच्या प्रवाहांत मुक्काम ठोकून बसली आहे. मित्राला द्या, दुकानदाराला परत द्या, पण विहिरीत-ओढ्यात नाही.

ओढ्यातल्या कोळंबीला मासा मागे लागला तर पळायला जागा असते. तुमच्या टाकीत पळून पळून ती पळणार दोन फूट. तिचा शेजारी कोण, हे ठरवणारे तुम्हीच आहात. तेव्हा आधी माशांची यादी तपासा, मग दुकान गाठा.