जहाजावरचे अठरा महिने आणि एजंटाचे लाख रुपये



डुमसच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की हजिऱ्याकडे जाणारी मोठी जहाजं दिसतात. सचिन, डुमस, मगदल्ला भागातल्या आपल्या घरांतली पोरं ती बघतच मोठी होतात. (सचिनचे नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले, संस्थान 1791 चं. कोकणाशी या किनाऱ्याचं नातं आजचं नाही.) बारावी झाली की एखादा म्हणतो, मला त्या जहाजावर जायचंय. दुसऱ्या दिवशी एजंट दारात हजर!

'फॉरेनची इंटर्नशिप' हा शब्द हल्ली कॉलेजात सारखा ऐकू येतो. मर्चंट नेव्हीत ती शिक्षणाचाच भाग आहे. डिप्लोमा इन नॉटिकल सायन्सला एक वर्ष संस्थेत राहून शिकायचं आणि मग अठरा महिने जहाजावर कॅडेट. तिथे ऑफिसरबरोबर वॉचला उभं राहायचं, चार्टवर जहाजाची जागा मांडायची, दोरखंड ओढायचे, गंजही खरवडायचा. केलेलं काम ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात लिहायचं, त्यावर ऑफिसरची सही घ्यायची. हा काळ भरल्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. बापाबरोबर चार हंगाम दर्यात काढलेल्या पोराला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही, पण ते दिवस या हिशेबात धरत नाहीत.

प्रवेशाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 60 टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा लागते. मुलींनाही हाच रस्ता. शिवाय जहाज कंपनीचं स्पॉन्सरशिप पत्र हवं, म्हणजे पुढे अठरा महिने जहाज देणारी कंपनी. घोळ इथेच होतो. 'पत्र मिळवून देतो, इतके लाख द्या,' असं म्हणणारे भेटतात आणि घरातली माणसं बोट गहाण ठेवायला निघतात.

नियम साधा आहे. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेट यांचा खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. संस्थेची फी वेगळी, ती संस्थेच्याच खात्यात भरायची आणि पावती घ्यायची. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स असावं लागतं. नंबर मागा, डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नंबर द्यायला कां-कूं करणाऱ्याशी पुढे बोलूच नका. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे जहाज मिळेल,' असं ऐकलं की तर तिथूनच उठा.

60 टक्के नसले तरी दर्या बंद होत नाही. दहावीवर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. प्रवेशाआधी संस्थेला एवढंच विचारा की मागच्या बॅचमधल्या किती पोरांना जहाज मिळालं. आणि मासेमारीतच राहायचं असेल तर केंद्र सरकारचं सिफनेट आहे, कोचीला, शिवाय चेन्नई आणि विशाखापट्टणमला. तिथे दहावीवर व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर शिकवतात, समुद्रावर नेऊन. आपल्या बोटींवर असं शिकलेली पोरं अजून कमीच दिसतात.

कुणाच्या हातात ऑफर लेटर आलं असेल तर पैसे भरण्याआधी ते घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. बसून वाचू.