जुन्या मॅटॅडोरला नवे इंजिन : बसवण्यापूर्वी काय पाहावे?

कुर्डुवाडी, टेंभुर्णी, माढा, बार्शी या पट्ट्यात काही वस्त्यांवर आजही जुनी मॅटॅडोर किंवा जीप उभी दिसते. पत्रा शाबूत असतो, चॅसिस सरळ असते, टायरही बरे असतात. पण इंजिन ऑइल खाते, निळा धूर सोडते आणि डाळिंबाचे क्रेट भरले की चढाला दम टाकते. अशा वेळी गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, "हे इंजिन काढा, भंगारात नव्या पिकअपचे इंजिन मिळते, ते बसवून देतो." सल्ला मोहाचा आहे. मात्र होकार देण्यापूर्वी इंजिन सोडून बाकीच्या गाडीचा आणि कागदपत्रांचा विचार आधी करावा, कारण बहुतेक वेळा फसगत तेथेच होते.

इंजिन बदलण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. महिंद्राच्या जीपला मूळ २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले आणि जीपला डिझेल इंजिनाची गरज भासू लागली. कंपनीनेही १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीशी करार करून २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपसाठी घेतले. मॅटॅडोरचेही तसेच. बजाज टेम्पोने जर्मन बनावटीवरून ही गाडी आपल्याकडे आणली आणि १९८० च्या दशकात तिला मर्सिडीजचे ओ.एम. ६१६ हे सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन दिले. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मात्र कारखान्यात इंजिन बदलते तेव्हा क्लच, गिअर, फाउंडेशन, रेडिएटर आणि ब्रेक यांचा हिशेब नव्याने मांडला जातो. गॅरेजमध्ये तो हिशेब मालकाने स्वतः मागितला तरच होतो.

सुरुवात जुन्या इंजिनापासून करावी. ऑइल खाणे आणि निळा धूर ही बहुधा रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हच्या झिजेची लक्षणे असतात. काळा धूर नोझल, इंजेक्शन पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो. चांगल्या फिटरकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ब्लॉक आणि क्रँक सुस्थितीत असतील तर बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून तेच इंजिन पुन्हा उभे राहते. असे काम केल्यास गाडीच्या कागदपत्रांतही काही बदलत नाही.

त्यानंतर पैशांचा हिशेब करावा. समजा, गाडी जुन्या इंजिनावर लिटरला ८ किलोमीटर जाते आणि नव्यावर ११ जाईल. हंगाम चार महिन्यांचा आणि वर्षाचे धावणे ६,००० किलोमीटर धरल्यास आधी ७५० लिटर डिझेल लागत असे, आता ५४५ लिटर लागेल. बचत झाली २०५ लिटरची. डिझेल ९० रुपये धरले तर ही रक्कम १८,४५० रुपये होते. इंजिन, लेथचे काम, फाउंडेशन, रेडिएटर आणि मजुरी मिळून दीड लाख खर्च आला, तर तो फिटायला आठ वर्षे लागतील. गाडी रोज दूध किंवा भाजीपाला घेऊन धावत असेल तर आकडे वेगळे येतील. आपले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

गाडी इंजिनाला झेपते का?

मॅटॅडोर पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आहे. इंजिन, गिअर बॉक्स आणि डिफरन्शिअल हे सारे पुढेच आहे. आजच्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात, त्यांचे गिअर बॉक्स लांब शाफ्टसाठी केलेले असतात. त्यामुळे पिकअपचे इंजिन मॅटॅडोरमध्ये सरळ बसत नाही. मधे जाड पत्र्याची प्लेट कापून, बेल हाउसिंगला जोडून ते बसवावे लागते. ही प्लेट लेथवर केंद्र साधून करावी लागते. क्रँक आणि गिअरचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर क्लच प्लेट आणि पायलट बेअरिंग लवकर जातात, आणि दोष मात्र इंजिनावर येतो. जीपला तुलनेने सोपे जाते. पूजोच्या घराण्यातूनच पुढे २,५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन तयार झाले, त्यामुळे डिझेल जीपमध्ये त्याची जुळणी कमी खटपटीची असते.

इंजिनाची चाल आणि मागची दातसंख्या यांचाही मेळ पाहावा. जुन्या जीपच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ असे. इंजिनाचे ३,००० फेरे आणि टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ७४ किलोमीटर जाते. प्रमाण ४.१ केले की तेच ३,००० फेरे गाडीला ताशी ९७ किलोमीटरवर नेतात. पण ब्रेक जुने, स्टिअरिंग जुने आणि ड्रम झिजलेले! टेंभुर्णीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावर असा वेग घेऊन भरल्या गाडीला ब्रेक लावण्याची वेळ आली तर काय होईल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

ब्रेकवरून आठवले. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज लाइनवर वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल इंजिने आली, तेव्हाही डबे निर्वात ब्रेकचेच होते. वाफेचे इंजिन वाफेच्या झोताने निर्वात तयार करी. डिझेल इंजिनाला त्यासाठी एक्झॉस्टर नावाचा वेगळा पंप लागे. मोटारीतही हेच लागू आहे. ज्या पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या शोषणावर चालतो, तिला डिझेल इंजिन बसवले की ते शोषण मिळत नाही. व्हॅक्युम पंप जोडला नाही तर पेडल दगडासारखे होते. हा पंप बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. म्हणून इंजिन घेताना अल्टरनेटर सोबत आहे का ते पाहावे.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते आणि जास्त थरथरते. फाउंडेशनचे रबर जुने ठेवू नये. पुढचे पाटे बसले असतील तर दुरुस्त करावेत. चॅसिसवर जेथे वेल्डिंग केले असेल तेथे दर महिन्याला तडा पाहावा. रेडिएटर इंजिनाच्या मापाचा असावा, उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान काय असते ते आपणांस सांगायला नको. बॅटरी आणि स्टार्टरही डिझेलला झेपेल असे लागतात.

नव्या कॉमन रेल इंजिनाबाबत विशेष सावध राहावे. त्यात डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो आणि सारे काम संगणकीय पेटीवर चालते. ती पेटी, मूळ वायरिंग, सेन्सर, ॲक्सिलरेटरचे पेडल आणि चोरीरोधक चावी यांपैकी एक जरी मिळाले नाही तर इंजिन सुरूच होत नाही. डिझेलमधील पाणी त्याच्या नोझलला खपत नाही. जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन गावातला फिटर उघडू शकतो. हे उघडता येत नाही.

कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. अपघात झाला आणि नोंदीतले इंजिन गाडीत नाही असे दिसले, तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. मग जखमीची भरपाई जमिनीवर येण्याची भीती राहते.

म्हणून भिन्न कंपनीचे किंवा भिन्न प्रकारचे इंजिन बसवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन मिळत असेल, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी आणि बसवल्यावर नवा इंजिन नंबर नोंदवून घ्यावा. सी.एन.जी. किंवा विजेवर गाडी करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, पण त्या गाडीसाठी मान्यता मिळालेला संच आणि तो बसवणारे मान्यताप्राप्त केंद्रच हवे. अशी मान्यता देणाऱ्या संस्थांत पुण्याची ए.आर.ए.आय. आहे. मान्यतेचे पत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

भंगारातले इंजिन घेताना विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्यावा आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला नाही ना, हे दिवसाउजेडी पाहावे. नंबर घासलेला असेल तर भाव कितीही कमी असो, परत फिरावे. इंजिन बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी रिकामी किंवा अर्ध्या भाराने चालवावी. त्यानंतर ऑइल बदलून फाउंडेशनचे आणि बेल हाउसिंगचे सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.