कॅलिकोची चांदी आणि मुंबईची टांकसाळ

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे जाताना बार्स्टो गावाच्या पुढे त्याने गाडी वळवली. म्हणाला, “मामू, चला, तुम्हाला चांदीची खाण दाखवतो.”

मोहावीच्या वाळवंटात तांबूस, पिवळट, हिरवट अशा रंगांचे डोंगर आहेत. छापील कापडासारखे दिसतात म्हणून त्यांना ‘कॅलिको’ म्हणतात, आणि हा शब्द आला आपल्या कालिकतच्या कापडावरून. डोंगराच्या कुशीत त्याच नावाचे ओसाड गाव आहे. तिथल्या मॅगी नावाच्या छोट्या खाणीत तिकीट काढून आत जाता येते. बाहेर अंगाची लाही होत होती. आत मात्र माजघरासारखा गारवा. मनात आले, एवढे खोदून माणसे गेली कुठे? चांदी संपली का?

चांदी संपली नव्हती. १८८१ साली इथे चांदी सापडली आणि बघता बघता वस्ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी टपाल कचेरी आली. हजाराहून अधिक माणसे राहू लागली. शेकडो लहानमोठ्या खाणी सुरू झाल्या. गावात पाण्याची टंचाई, म्हणून दगड खाली मोहावी नदीकाठी डॅगेटला नेऊन यंत्राने कुटायचे आणि पाऱ्याच्या साहाय्याने त्यातली चांदी वेगळी करायची. जवळच्या बिस्मार्क वस्तीवर टपाल पोचवायला डॉर्सी नावाचा एक कुत्रा होता. पाठीवर पिशव्या बांधून तो एकटा जात असे. सुरुवातीला चांदीला औंसामागे एक डॉलर दहा सेंटांहून जास्त भाव होता. एवढ्या भावात वाळवंटातले हाल सोसणे परवडत होते.

पण भाव आधीपासूनच उताराला लागला होता. १८७०नंतर जर्मनी आणि इतर देश चांदीचे चलन सोडून सोन्याकडे वळले. चांदीला मोठी गिऱ्हाइके उरली दोन. एक अमेरिकेचे सरकार. १८९०च्या कायद्याने ते दरमहा पंचेचाळीस लाख औंस चांदी विकत घेत होते. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान! तेव्हा मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन जावे, थोडी कटौती द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. त्यामुळे तोळाभर चांदी म्हणजे साधारण एक रुपया, हा हिशेब अडाणी माणसालाही तोंडपाठ होता.

चांदी घसरली तसा रुपयाही घसरला. दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला मात्र विलायतेतले पेन्शन आणि व्याज पौंडात द्यावे लागे. दरवर्षी त्यासाठी जास्त रुपये मोजावे लागत. अखेर लॉर्ड हर्शेल यांच्या समितीचा सल्ला घेऊन २६ जून १८९३ रोजी सिमल्याला कायदा झाला. लोकांच्या चांदीसाठी दोन्ही टांकसाळींची दारे बंद झाली. काही दिवसांतच अमेरिकेतला भाव ऐंशी सेंटांवरून पासष्टच्या आसपास कोसळला. नोव्हेंबरात अमेरिकेनेही सरकारी खरेदी थांबवली. डोंगरात चांदी असूनही ती काढणे आतबट्ट्याचे झाले. १८९८ साली कॅलिकोची टपाल कचेरी बंद पडली. पुढे १९५१ साली वॉल्टर नॉट यांनी गाव विकत घेऊन डागडुजी केली आणि १९६६ साली ते तिथल्या काउंटीला देऊन टाकले. आता तिथे फक्त पर्यटक येतात.

हे सगळे नंतर वाचताना मला आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या घराची आठवण झाली. दादीच्या पेटीत चांदीचा एकच तोडा होता. जोडीचा दुसरा तिच्या सासूने १९००च्या दुष्काळात ज्वारीसाठी विकला होता. वीस तोळ्यांचा तोडा, पण हातात आले तेरा रुपये. “सुनाराने लुटले,” असे आमच्या घरात दोन पिढ्या म्हटले जाई. त्या सोनाराचे नाव निघाले की दादी तोंड फिरवायची.

आता हिशेब मांडून पाहा. टांकसाळ बंद झाल्यावर रुपयाची किंमत सरकारने धरून ठेवली. १८९८पर्यंत ती सोळा पेन्सांवर, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सांवर, आली. चांदी मात्र पडतच गेली. १९००च्या सुमारास रुपयाच्या नाण्यातली चांदी बाजारात जेमतेम दहा-अकरा आण्यांची होती. म्हणजे वीस तोळ्यांचे तेरा रुपये हा तेव्हाचा रास्त भाव! बायकांच्या अंगावरच्या आणि गाडग्यात पुरलेल्या चांदीची किंमत त्या कायद्याने उतरली होती. बाईला टांकसाळीचा कायदा कुठून कळणार? तिला दिसला तो समोरचा तराजू.

कॅलिकोच्या खाणकामगारालाही कदाचित आपला मालकच दिसला असेल. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. एकाची कुदळ थांबली, दुसरीचा तोडा स्वस्तात गेला. दोन्ही घरांवर आलेल्या संकटात त्या एका सहीचा वाटा होता.

दादी आता नाही. तो तोडा माझ्याकडे आहे. सोनाराचे वंशज गावात भेटतात, सलाम-नमस्कार होतो. मागच्या ईदला त्यांना शीरखुर्मा पाठवला. कारण विचारले, तेव्हा म्हटले, “जुना हिशेब होता, आमच्याकडून चुकला होता.”