भाव एक, सौदे चार

न्यू जर्सी राज्यातील पार्सिपनी हे गाव ८० आणि २८७ या दोन आंतरराज्यीय महामार्गांच्या संगमावर वसलेले आहे, आणि त्या महामार्गांहूनही जुने असे ४६ व १० क्रमांकांचे जे रस्ते या परिसरातून जातात, त्यांच्या कडेला मोटारी विकणाऱ्या डीलरांची आवारे ठिकठिकाणी लागतात. पुणे, नाशिक किंवा नागपूर सोडून नोकरीनिमित्त आलेले मराठी कुटुंब येथील लेक हायवाथा भागातील एखाद्या भाड्याच्या घरात स्थिरस्थावर होते न होते, तोच त्याला यांपैकी कोणत्या तरी आवारात पाऊल ठेवावे लागते, कारण मोटारीवाचून येथे घरी दूध आणणेही दुरापास्त होते. घर वगळता संसारातील सर्वांत मोठ्या या खरेदीला निघताना त्या कुटुंबाजवळ जी शिदोरी असते ती मंडईत कमावलेली असते, आणि तिचे नाव घासाघीस. मंडईतील घासाघीस एकाच आकड्याभोवती फिरते. भाव ठरला, पैसे मोजले, पिशवी भरली, व्यवहार संपला. येथील डीलरच्या टेबलावर मात्र एका वेळी चार स्वतंत्र सौदे मांडलेले असतात: नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचे मोल, कर्जाचे व्याज आणि वरून जोडलेल्या वस्तू व सेवा. पहिल्या सौद्यात जिंकलेले उरलेल्या तिहींत कसे हरवते हे ज्याला उमगत नाही, तो कितीही वाक्पटू असला तरी नुकसानीतच राहतो. नव्याने आलेल्या आप्तांबरोबर अशा टेबलांवर मी वारंवार बसलो आहे, आणि त्या बैठकांत जे गैरसमज पुनःपुन्हा कानी पडले त्यांचे निरसन व्हावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पहिला गैरसमज काचेवरच्या कागदासंबंधी आहे. भारतात वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही कायद्याने घातलेली मर्यादा असते आणि तीत कर समाविष्ट असतो. म्हणून येथील नव्या गाडीच्या काचेवरचा आकडाही तसाच असणार, असे आपल्या मंडळींना स्वाभाविकपणेच वाटते. वस्तुतः तो कागद उत्पादकाने ‘सुचविलेली’ किंमत सांगतो, आणि डीलर त्याहून कमी किंवा अधिक, वाटेल तो भाव मागू शकतो. २०२१ साली संगणकीय चिपांचा तुटवडा पडला तेव्हा छापील आकड्यावर हजारो डॉलर चढवून गाड्या विकल्या गेल्या आणि त्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. हा कागद लावण्याची सक्ती १९५८ च्या केंद्रीय कायद्याने केली, आणि तो कायदा ज्यांनी पुढाकार घेऊन आणला त्या ओक्लाहोमाच्या सिनेटर माइक मनरोनी यांच्या नावानेच तो आजही ओळखला जातो. गाडीची मूळ किंमत, कारखान्यात बसविलेली प्रत्येक अधिक वस्तू आणि वाहतूक खर्च त्यात वेगवेगळा नमूद करावा लागतो, आणि गाडी अंतिम ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो काढता येत नाही. त्याच्या शेजारी डीलरने स्वतः छापून चिकटविलेला दुसरा कागद पुष्कळदा असतो. दोन्ही सारख्याच थाटाचे दिसले तरी दुसऱ्यास त्या कायद्याचे पाठबळ मुळीच नाही, आणि त्यातील प्रत्येक ओळ वाटाघाटीला मोकळी आहे. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार रविवारी मोटारींची विक्री बंद असते. तेव्हा रविवारच्या सकाळी, विक्रेता पाठीशी नसताना, आवारात स्वस्थपणे फिरून हे दोन्ही कागद वाचून यावे, ही माझी कळकळीची सूचना आहे.

दुसरा समज असा की, डीलरची ‘इन्व्हॉइस’ पाहावयास मिळाली म्हणजे त्याची खरी खरेदी किंमत कळली, आणि तिच्याखाली तो उतरलाच तर तो पदरमोड करतो. इन्व्हॉइस हा खरा दस्तऐवज आहे, यात संशय नाही. परंतु अनेक उत्पादक गाडी विकली गेल्यावर छापील किमतीचा काही अंश डीलरला परत करतात, ज्याला त्या धंद्यात ‘होल्डबॅक’ म्हणतात, आणि ठरावीक संख्येचा टप्पा गाठल्यास निराळे इनामही देतात. यांपैकी काहीच इन्व्हॉइसच्या तळच्या आकड्यात दिसत नाही. महिन्याच्या अखेरीस एखादा डीलर अकस्मात उदार होतो त्याचे कारण बहुधा त्या टप्प्यात दडलेले असते. अर्थात त्याचा टप्पा आधीच पूर्ण झालेला असेल, किंवा तुम्हांस हवी असलेली गाडी दुर्मीळ असेल, तर महिनाअखेरही निष्फळ ठरते.

तिसरा समज आपल्या संस्कारांत सर्वांत खोल रुजलेला आहे: रोख पैसे दाखविले की भाव पडतो. उधारीच्या बाजारात वाढलेल्या समाजाला रोकडीचे सामर्थ्य वाटावे हे साहजिक आहे, पण येथे परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. डीलर कर्ज मिळवून देतो तेव्हा बँक त्याला एक दर कळवते, आणि बँकेने घातलेल्या मर्यादेत तो त्यावर आपला अंश चढवून ग्राहकाला वरचा दर सांगू शकतो. हा फरक म्हणजे त्याची दलाली. तेव्हा आरंभीच ‘मी रोख देणार’ असे जाहीर करणारा ग्राहक त्या दलालीची आशा संपवितो आणि गाडीच्या किमतीत सूट मिळण्याचे एक कारण स्वतःच्या हाताने काढून घेतो. दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम खरोखरच नोटांच्या रूपात दिल्यास डीलरला ८३०० क्रमांकाचा अर्ज भरून महसूल खात्याला कळवावे लागते, हेही ध्यानात असावे. त्यात अपराध काहीच नाही, केवळ नोंद आहे. पैसे कसे देणार या प्रश्नास किंमत ठरेपर्यंत ‘अजून ठरविलेले नाही’ हे उत्तर पुरेसे असते, आणि बहुतेकदा ते खरेही असते.

आता मी ज्या ठिकाणी सर्वाधिक वेळ थांबू इच्छितो तेथे येतो, कारण मराठी मध्यमवर्गाचे सर्वाधिक पैसे तेथेच जातात. ‘दरमहा किती परवडेल?’ हा विक्रेत्याचा प्रश्न आपुलकीचा वाटतो, आणि आपणही पगाराचा हिशेब मनात करून भाबडेपणाने एक आकडा सांगून मोकळे होतो. तीस हजार डॉलर मुद्दल आणि सहा टक्के व्याज धरा. पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ५८० डॉलर येतो, सहा वर्षांच्या मुदतीत ४९७, आणि सात वर्षांच्या मुदतीत ४३८. ज्याने ‘साडेचारशेपर्यंत चालेल’ असे सांगितले, त्याला किंमत एक डॉलरनेही न उतरविता सात वर्षांचा करारनामा पुढे करता येतो, आणि आपण जिंकलो अशा समाधानात तो सही करतो. वास्तविक पाच वर्षांत एकूण ३४,८०० डॉलर भरावे लागले असते तेथे तो ३६,८०० च्या वर भरतो, आणि पहिली काही वर्षे गाडीचे मोल कर्जाहून कमी राहण्याचा संभव वेगळाच. दराचेही तसेच. तीस हजारांच्या पाच वर्षांच्या कर्जावर सहाऐवजी साडेसात टक्के लागले तर हप्त्यात फक्त २१ डॉलर वाढलेले दिसतात, पण मुदतीअखेर सुमारे १,२७० डॉलर अधिक गेलेले असतात. किमतीवर तासभर हुज्जत घालून मिळविलेली सूट या एका ओळीत परत जाते. यावर उपाय असा की, आपल्या बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून कर्जाची पूर्वमंजुरी हाती घेऊनच जावे, म्हणजे डीलरचा दर त्याहून कमी असेल तरच स्वीकारता येतो. अनेक ठिकाणी चौकशी केल्याने पत घसरते ही भीतीही अतिशयोक्त आहे, कारण वाहनकर्जासाठी चौदा दिवसांच्या आत झालेल्या चौकशा पतमापनाच्या प्रचलित पद्धती एकच धरतात.

भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजवर, गाडी घेणाऱ्यांना वाटते की तेथे वाटाघाटीला वावच नाही. मुदतीअखेरचे शेषमूल्य वित्तसंस्था ठरविते हे खरे. पण ज्या किमतीवरून भाडे मोजले जाते ती किंमत विक्रीइतकीच ठरविता येते. ‘मनी फॅक्टर’ नावाचा जो सूक्ष्म दशांश सांगतात, त्यास २४०० ने गुणल्यास व्याजाचा ओळखीचा वार्षिक दर मिळतो: ०.००२५ म्हणजे सहा टक्के.

जुनी गाडी डीलरला देऊ नये, बाहेर विकावी, असा उपदेश सर्रास ऐकू येतो. तो अर्धसत्य आहे. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि जुनी गाडी डीलरला दिल्यास तिचे मोल वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो. दहा हजार डॉलरांच्या जुन्या गाडीमागे ६६२ डॉलर ५० सेंट वाचतात. म्हणजे बाहेरचा ग्राहक १०,६६२ डॉलरांहून अधिक देत असेल तरच त्याच्याकडे जाण्यात अर्थ आहे. मात्र नव्या गाडीचा भाव लेखी ठरल्यानंतरच जुनीचा विषय काढावा, नाहीतर एका ताटातले दुसऱ्या ताटात वाढले जाते. कराविषयी आणखी दोन कल्पना परिसरात रूढ आहेत. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून तेथून गाडी आणावी, ही एक. पण नोंदणी न्यू जर्सीत करावयाची तर कर न्यू जर्सीचाच भरावा लागतो. राज्यातील काही शहरांत विशेष उद्योगक्षेत्रांत कर निम्मा लागतो म्हणून तेथील डीलर गाठावा, ही दुसरी. पण ती सवलत मोटारींना लागूच नाही.

दस्तऐवज शुल्क सरकारी असते, असेही समजले जाते. तसे नाही, ते डीलरचे शुल्क आहे, आणि न्यू जर्सीच्या कायद्याने त्यावर कमाल मर्यादा घातलेली नाही. ते प्रत्येक ग्राहकाला सारखेच लावण्याचा रिवाज असल्याने त्यावर वाद घालण्याऐवजी तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून मागावी. टायरांत नायट्रोजन, रंगावर लेप, काचेवर कोरलेला क्रमांक अशा जोडण्यांना स्पष्ट नकार द्यावा. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे.

तेव्हा विचारावयाचा आकडा एकच, ज्याला येथे ‘आउट-द-डोअर’ म्हणतात आणि जो आपल्या ‘ऑन-रोड’ किमतीचा भाऊ आहे: कर, नोंदणी, शुल्के, सारे धरून गाडी आवाराबाहेर पडेपर्यंतची रक्कम. बहुतेक उत्पादकांच्या गाड्या विकणारा डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो, म्हणून एकाच कंपनीचे दोन शेजारी डीलर परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात. पार्सिपनी ज्यात येते त्या मॉरिस परगण्यातील आणि लगतच्या परगण्यांतील चार-पाच डीलरांना त्याच गाडीचा हा आकडा ई-मेलने लेखी विचारावा, आणि सर्वांत कमी आकडा इतरांना दाखवावा. या पद्धतीत आवाज चढवावा लागत नाही, खोटे बोलावे लागत नाही, आणि ज्यांना घासाघीस करण्याचा संकोच वाटतो त्यांनाही ती साधते.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग आहे: तीन दिवसांत गाडी परत करता येते. केंद्रीय व्यापार आयोगाचा तीन दिवसांचा नियम घरी येऊन केलेल्या विक्रीसारख्या व्यवहारांसाठी आहे. डीलरच्या आवारात केलेल्या खरेदीला तो लागू होत नाही. गाडीच सदोष निघाल्यास न्यू जर्सीचा ‘लेमन लॉ’ आहे. दोन वर्षे किंवा २४,००० मैल यांपैकी जे आधी होईल तोवर, तोच गंभीर दोष तीनदा दुरुस्त करूनही राहिला, किंवा दुरुस्तीत एकूण वीस दिवस गाडी अडकली, तर उत्पादकाकडे दाद मागता येते. त्यासाठी दुरुस्तीची प्रत्येक पावती तारखेनिशी जपून ठेवावी लागते. पण नुसत्या पश्चात्तापावर कायद्यात उतारा नाही. म्हणून सहीच्या खोलीत नेल्यावर करारनाम्यातला अंतिम आकडा ई-मेलमधल्या आकड्याशी ओळ न ओळ ताडून पाहावा, आणि एकही ओळ जुळत नसेल तर लेखणी खाली ठेवून, नमस्कार करून, गाडीवाचूनच घरी यावे.